नालबंदाला पाय न देणारं घोडं: अडतं कुठे आणि सोडवायचं कसं

तुळशीची लग्नं लागली की मराठवाड्यातल्या घोडीवाल्यांची धावपळ सुरू होते, आणि त्याच सुमाराला एक तक्रार हमखास कानावर येते. घोडी एरवी गुणी आहे. बँडपुढे उभी राहते, फटाक्याला दचकत नाही, नवरदेवाचे मित्र अंगावर येऊन नाचले तरी जागची हलत नाही. पण नालबंदाची मोटारसायकल अंगणात शिरली, पिशवीतली हातोडी-सांडशी खणखणली, की कान मागे जातात आणि मागच्या पायाला हात लावायची सोय राहत नाही. दोन नाल बसतात, दोन राहतात. नालबंद मजुरी घेऊन, वर चार शब्द सुनावून जातो. पुढच्या खेपेला तो फोन उचलत नाही, आणि तालुक्यात दुसरा नालबंद नसतो.

यावर गावागावात तीन उपाय चालतात. वरच्या ओठाला दोरीचा पीळ घालायचा, कान पिरगाळायचा, नाहीतर दोरखंडांनी पाय आवळून जनावर आडवं पाडायचं. तिसरा उपाय सरळ बैलावरून आलेला आहे. बैलाला पत्र्या, म्हणजे त्याचे नाल, मारताना पाडतातच. त्याचा खूर दुभंगलेला, एकेका पायाला दोन पत्र्या, आणि तीन पायांवर उभं राहून चौथा दुसऱ्याच्या हातात द्यायची सवय त्याला कुणी लावलेली नसते. आपल्याकडच्या बऱ्याच नालबंदांच्या हाताखालून घोड्यांपेक्षा बैलच जास्त गेलेले असतात, त्यामुळे घोडं अडलं की त्यांचा हात आपोआप दोराकडे जातो. घोडं मात्र पडताना आणि पडल्यावर जिवाच्या आकांताने झगडतं. त्यात डोळा सोलतो, मान किंवा कंबर धरते. आणि पुढच्या वेळी ते दोर बघूनच उधळतं. तिन्ही उपायांनी आजचं काम उरकतं, पुढच्या खेपेचं अवघड होऊन बसतं.

नाल साधारण सहा ते आठ आठवड्यांनी बदलावे लागतात, कारण खूर महिन्याला पाऊण-एक सेंटिमीटर वाढतो. त्या दोन खेपांच्या मधले जे दिवस असतात, त्यांत हा प्रश्न सुटतो. नालबंद दारात उभा असताना तो सुटत नाही. आणि घोडं पाय देईल की नाही, हे ठरतं मुख्यतः एका गोष्टीवरून: उचललेला पाय परत खाली केव्हा जातो. त्याकडे येतोच, पण त्याआधी दुसरं एक काम आहे.

आधी दुखणं तपासा

पाय न देणाऱ्या घोड्याला आपण लगेच ‘खोडीचं’ ठरवतो. तसं ठरवण्याआधी हे लक्षात घ्या की उचललेल्या पायाचं ओझं उरलेल्या तीन पायांवर जातं. अंगाचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या दोन पायांवर असतं. पुढचा डावा उचलला की त्यातला बहुतेक भार उजव्यावर येतो. म्हणून डावा पाय देत नसेल तर दुखणं उजव्यात असू शकतं. लोक डावा खूर ठोकून-दाबून बघतात, काही सापडत नाही, आणि मग घोड्याला शिव्या घालतात.

कठीण जमिनीवर चालवा, मग दोन्ही बाजूंनी लहान गोलात वळवा. वळताना पाऊल आखडतं का बघा. हाताच्या मागच्या बाजूने चारही खूर चाचपा. एखादा इतरांपेक्षा गरम लागला तर आत काहीतरी शिजतंय. खुराचा तळवा खरवडून वास घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा खुरात घट्ट बसतो, त्यात मूत-लीद मिसळते, आणि तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग सडायला लागतो. काळपट ओल, नाक मुरडावं असा वास. अशा खुराला साफसफाईचा हुक लागला की घोडं पाय ओढणारच.

खुराला सूज आलेलं घोडं ओळखायला सोपं असतं: पुढचे पाय पुढे टाकून, भार टाचांवर आणि मागच्या पायांवर घेऊन उभं राहतं, चालायला मागत नाही. धान्याच्या पोत्यात तोंड घातल्यावर किंवा सरक्या-भरड्याचा मारा झाल्यावर हे जास्त दिसतं. याचा पाय नालबंदाने जबरदस्तीने उचलणं म्हणजे दुसऱ्या दुखऱ्या पायावर सगळं ओझं टाकणं. इथे नालबंदाच्याही आधी पशुवैद्यक. परभणीला किंवा उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. जवळ असाल तर गाडीत घालून तिकडे न्यायला कंटाळू नका.

म्हाताऱ्या घोड्यांचं वेगळं. ती पाय देतात, पण उंच उचलला किंवा बाहेरच्या बाजूला ओढला की हिसका मारतात. मागच्या पायाचे वरचे-खालचे सांधे एकमेकांना बांधलेले असतात. एक दुमडला की दुसरा दुमडतोच. सांधे झिजलेल्या घोड्याला पाय गुडघ्याएवढ्या उंचीवर धरला तरी कळ लागते. त्याचा उपाय शिकवणीत नाही, नालबंदाच्या कमरेत आहे. त्याला खाली वाकावं लागेल, किंवा पाट घेऊन बसावं लागेल. हे त्याला आधी सांगा आणि चार पैसे जास्त द्या.

शेवटची शंका मागच्या खेपेची. खिळा खुराच्या तळाशी दिसणाऱ्या पांढऱ्या रेघेच्या बाहेरून जायला हवा. आत गेला तर तो जिवंत भागाला टोचतो किंवा नुसता दाबतो. टोचला तर घोडं तिथल्या तिथे उडतं. नुसता दाबला तर त्या दिवशी कळत नाही, एक-दोन दिवसांनी लंगडतं. असं झालेलं घोडं पुढच्या वेळी हातोडीचं तोंड बघून उधळलं, तर त्यात त्याची खोड कुठली? खिळा टोचल्याचा संशय असेल तर तो लगेच काढून घ्या, आणि धनुर्वाताची लस झालेली आहे का ते बघा. घोड्याला धनुर्वात चटकन होतो आणि झाला तर बहुतेक वेळा हाती काही उरत नाही.

पाय खाली केव्हा जातो

दुखणं नाही असं कळलं, मग शिकवणीकडे वळा.

घोडं शिकतं ते सुटकेच्या क्षणाला. दाब आला, त्याने काहीतरी केलं, दाब गेला. जे केलं ते त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. आता आपल्या अंगणात काय होतं ते बघा. पाय उचलला, घोड्याने ओढला, माणसाच्या हातून सुटला. पुन्हा उचलला, जरा जोरात ओढला, पुन्हा सुटला. नालबंद घामाघूम होईपर्यंत घोड्याला हिसका मारायचे वीसेक धडे मिळून चुकलेले असतात, आणि ते एकाही धड्यात नापास झालेलं नसतं. वर आपण त्याला मारतो, तेही पाय सुटल्यावर, म्हणजे त्याचे चारही पाय जमिनीवर असताना. त्याला कळतं एवढंच, की नालबंद आला की मार मिळतो.

हे उलटवायचं. पाय खाली जाईल तो घोडं शांत असताना, आणि तुम्ही ठेवाल तेव्हा.

सकाळी खरारा झाला की पाच-दहा मिनिटं पुरतात. रोज. रविवारी तासभर झटापट करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तोंडाला मोहरकी (दोराचा मुसका-पट्टा) घाला, पिछाडी, म्हणजे मागच्या पायांचा दोर, सोडा, एक माणूस डोक्याशी उभा करा. हात मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून नळीवर, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडावर, सरकवत न्या. मध्येच हात उचलून एकदम खुराला लावू नका. नळीच्या मागच्या शिरेवर बोटांनी हलका दाब द्या आणि एक शब्द ठरवा, ‘दे’ किंवा ‘पाय’, कुठलाही, पण घरातले सगळे तोच म्हणतील असा. घोड्याने नुसता भार दुसऱ्या पायावर घेतला तरी दाब सोडा. पहिल्या दिवशी तेवढंच झालं तरी चालतं. मग टाच उचलली की सोडा. मग खूर अधांतरी आला, एक श्वास झाला, आणि त्याने मागायच्या आत तुम्हीच खाली ठेवला.

ठेवायचा म्हणजे ठेवायचा, टाकायचा नाही. खूर दाणकन फरशीवर आपटला की पुढच्या वेळी घोडं तो आधीच ओढून घेतं.

मध्ये ओढलाच, तर ताकदीची कुस्ती खेळू नका. घोड्याशी त्यात कोणी जिंकत नाही. पाय जातो तिकडे हात जाऊ द्या, पकड ढिली न करता त्याच्याबरोबर हला, आणि ते क्षणभर सैल पडलं की तेव्हा खाली ठेवा. धरवलंच नाही तर सोडून द्या, स्वतःचा हात मोडून घेऊ नका. पण लगेच पुन्हा मागा, आणि या वेळी इतकं थोडं मागा की ते देईलच. थोडक्यात, हिसक्याच्या नंतर सुट्टी नाही.

गुळाचा सुपारीएवढा खडा किंवा चार भिजवलेले हरभरे द्यायचे असतील तर पाय वर असताना, घोडं शांत असताना डोक्याशी उभ्या माणसाने द्यावेत. पाय ओढून घेतल्यावर समजूत काढायला दिलेला गूळ हा हिसक्याचा पगार होतो.

एक श्वास, मग पाच, मग तीन-चार मिनिटं. यापुढचा टप्पा बहुतेक लोक गाळतात आणि मग म्हणतात, घरी तर देतो. पाय नुसता हातात धरणं आणि नालबंदाने धरणं यात फरक आहे. नालबंद पुढचा पाय आपल्या दोन गुडघ्यांमध्ये अडकवतो. खिळ्यांची टोकं वळवताना तोच पाय पुढे ओढून मांडीवर किंवा ठोकळ्यावर ठेवतो. मागचा पाय मागे ताणून मांडीवर घेतो, आणि शेवटी तोही पोटाखालून पुढे आणतो. या चारही अवस्था घोड्याला तुमच्या हातून आधी माहीत व्हायला हव्यात. मग खुरावर हाताची थाप, मग दगडाने टकटक, मग खरी हातोडी हलकेच. कानस एकदोनदा फिरवा, नुसत्या आवाजासाठी. शेजाऱ्याला, पुतण्याला, घरातल्या ताईला धरायला लावा, म्हणजे पाय म्हणजे फक्त मालकाचा हात हे त्याच्या डोक्यातून जाईल.

आपल्याकडे एक गोष्ट बाहेरच्यापेक्षा वेगळी आहे, तीही ध्यानात ठेवा: पाय बऱ्याचदा नालबंद धरत नाही, घरचाच माणूस धरतो आणि नालबंद समोरून काम करतो. म्हणजे तुमचा पाय धरणारा कच्चा असेल तर नालबंद कितीही उस्ताद असून काही होत नाही. आमच्याकडे येणारे चाचा याबाबतीत रोखठोक आहेत: ‘घोडा तुमारा है, सिकाना तुमारा काम. मैं ठोकने आया.’

नेमकं कुठे अडतं

*मागच्या पायाला हातच लावू देत नाही.* सगळ्यात जास्त तक्रार हीच, आणि मला वाटतं यात आपल्या पिछाडीचा हात मोठा आहे. मागच्या दोन्ही पायांना दोर घालून घोडं रात्रंदिवस खुंट्याला बांधलेलं असतं. दोर काचतो, खुराच्या वर केस गेलेलं गोल वळ पडतं, कधी जखम होऊन भरते. अशा घोड्याला त्या जागी स्पर्श म्हणजे अडकणं हेच ठाऊक असतं. आधी जखम बघा, दोराला कापडाची पट्टी गुंडाळा, आणि होईल तितका वेळ पिछाडीशिवाय ठेवा.

मग लांबून सुरुवात करा. हातभर लांब काठीच्या टोकाला गोणपाट गुंडाळा आणि त्याने पुठ्ठ्यापासून, म्हणजे कुल्ल्यापासून, खाली खुरापर्यंत हळूहळू फिरवा. लाथ झाडली तरी गोणपाट अंगावरून काढू नका. घोडं थांबलं, की काढा. हाच नियम, फक्त हात काठीच्या लांबीएवढा लांब. काठीला सरावलं की मऊ सुती दोराचा फास नसलेला वेढा घोट्याभोवती घ्या, दोन्ही टोकं हातात ठेवा आणि पाय पुढे मागा. दोर हाताला गुंडाळायचा नाही, खांबाला तर कधीच बांधायचा नाही.

स्वतः उभं राहताना पुठ्ठ्याला चिकटून, तोंड शेपटीकडे करून उभे राहा, एक हात पुठ्ठ्यावर. अगदी जवळच्या माणसाला लाथ बसली तर तिला वेग नसतो. हातभर अंतरावरची जागा सगळ्यात वाईट. आणि थेट मागून जाऊ नका. घोड्याला बरोबर मागचं दिसत नाही, न दिसणाऱ्याला ते आधी लाथ मारतं आणि मग वळून बघतं.

*देतं, पण क्षणात काढून घेतं.* आधी त्याचे उरलेले पाय कुठे आहेत ते बघा. एक पुढे, एक मागे, एक पोटाखाली असं उभं असताना पाय मागितला तर ते पडायला होतं, म्हणून ओढतं. एक पाऊल मागे-पुढे घेऊन चारही पाय चौकोनात आणा, मग मागा. दुसरं कारण, आपण पाय आपल्या सोयीने बाहेर ओढतो. घोड्याचा पाय पुढे-मागे छान हलतो, बाजूला फार नाही. ठेंगण्या देशी टट्टूच्या बाबतीत तर हे हमखास होतं: उंच माणूस त्याचा पाय स्वतःच्या कमरेपर्यंत आणतो आणि टट्टू बिचारं वाकडं होऊन नाचत राहतं.

*अंग टाकतं.* म्हणजे चौथा पाय म्हणून ते तुमच्यावरच रेलून उभं राहतं. नालबंदाची कंबर जाते ती यात. त्याला खांबासारखा आधार देत राहिलात तर ते आयुष्यभर रेलेल. रेललं की हळूच तुमचा आधार खाली न्या, जरासं बाजूला व्हा; तोल गेल्यासारखं वाटलं की ते स्वतःला सावरतं, आणि सावरलं की तेव्हा लगेच पाय खाली ठेवा. थकल्यामुळेही रेलतं, तेव्हा वेळ कमी करा.

*हातोडीला उडतं.* सगळ्या खिळ्यांना उडत असेल तर आवाजाची भीती आहे, वरच्या सरावाने जाते. एकाच खिळ्याला दचकलं तर नालबंदाला तिथेच थांबवा आणि तो खिळा काढायला सांगा. ‘सवय होईल’ हे उत्तर घेऊ नका.

*घरच्यांना देतं, नालबंदाला देत नाही.* त्याच्या कातडी पट्ट्याचा, पिशवीचा, इतर घोड्या-बैलांचा वास असतो. मागच्या वेळचा मार आठवणीत असतो. कामाशिवाय एकदा त्याला बोलवा. चहा पाजा, त्याच्या वेळेचे पैसे द्या, त्याला घोड्याजवळ नुसतं बसू द्या, चारा त्याच्या हातून घाला, दोन पाय उचलून ठेवायला सांगा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि पुढची तीन वर्षं वाचतात. त्यातही नालबंदच घोड्याच्या पोटात कानस मारणारा निघाला तर नालबंद बदला, मग तो कितीही लांबून आणावा लागो.

*एकटं पडलं की करतं.* शेजारचं घोडं चरायला गेलं, हे खिंकाळतंय, गोल फिरतंय, आणि आपण म्हणतो पाय देत नाही. जोडीदार समोर बांधा. बस.

*चौथ्या पायाला बिघडतं.* तीन पाय गुण्यागोविंदाने दिले आणि शेवटी दांडगाई केली, तर ते थकलंय किंवा कंटाळलंय. मधे फिरवून आणा. अवघड पाय शेवटी ठेवू नका, दुसऱ्या क्रमांकाला घ्या. पहिला सोपा घेतला की सूर लागतो. नवशिक्या घोड्याला आज दोन, परवा दोन, असं करायला नालबंद कुरकुरतो, तरी करून घ्या.

नालबंद येईल त्या दिवशी

जागा सपाट, कठीण, कोरडी आणि सावलीची हवी. लिंबाखालची चोपून घेतलेली जमीन उत्तम. पावसाळ्यात काळ्या रानात हे काम काढूच नका. एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला माणूस अशी अडचण करू नका, दोघांनाही निसटायला वाट हवी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी लवकर. माश्या जास्त असतील तर पायांना कडुलिंबाचं तेल लावा किंवा एका माणसाच्या हातात माश्या वारायला फडकं द्या. माशीसाठी आपटलेला पाय नालबंदाच्या पायावर पडतो.

आदल्या दिवशीपासून बांधून ठेवलेलं घोडं सरळ पुढे आणू नका, अर्धा तास चालवून आणा. खूर धुऊन-खरवडून ठेवा. चिखलाचे खूर दाखवणं हा नालबंदाचा अपमान आहे असं मी मानतो. नर घोडं असेल तर आसपास माजावरची घोडी नको.

डोक्याशी उभा राहणारा माणूस नालबंदाच्याच बाजूला उभा राहिला पाहिजे. घोडं बिथरलं आणि त्याने तोंड स्वतःकडे ओढलं, तर पुठ्ठा नालबंदापासून लांब जातो. तो पलीकडे असेल तर हाच ओढा पुठ्ठा नालबंदाच्या अंगावर आणतो. या माणसाच्या हातात मोबाईल नको. हे लिहावं लागतंय, कारण प्रत्येक अंगणात एक जण व्हिडिओ काढतोच.

गुंगीच्या इंजेक्शनबद्दल विचारलं जातं. काही घोड्यांना पहिल्या एक-दोन खेपांना त्याची खरोखर गरज असते, आणि मार देण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. पण मात्रा आणि औषध पशुवैद्यकाने ठरवायचं, द्यायचंही त्यानेच. मेडिकलमधून आणून स्वतः टोचू नका. आणि मान खाली घालून डुलणारं घोडंसुद्धा नेम धरून लाथ मारतं, तेव्हा बेसावध राहू नका.

शिंगरू आणि यात्रेतली खरेदी

घरी शिंगरू जन्मलं असेल तर तुमचं नशीब. पहिल्या आठवड्यांतच रोज चारही पाय हातात घ्या, क्षणभरच, खेळता खेळता. दोन-तीन महिन्यांचं झालं की नालबंदाकडून नुसती कानस फिरवून घ्या. त्या वयात खुराचा तिरपेपणा सुधारता येतो, पुढे नाही. आपल्याकडे पद्धत अशी की शिंगराच्या खुराला पहिला हात लागतो तो थेट नाल मारायच्या दिवशी, तेव्हा त्याचं वजन तीन माणसांना आवरत नाही.

विकत घेताना मात्र सगळं उलटं होतं. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे गिऱ्हाईक काय बघतं? अंगावरचे केसांचे भोवरे. देवमण हा शुभ मानलेला भोवरा आहे का, अशुभ भोवरा कुठे आहे का. मग दात, मग रंग, मग रेवाल, म्हणजे न हिंदकळणारी झपझप चाल, मग दोन पायांवर नाचवून दाखवा. चारही पाय उचलून बघणारा विरळा. भोवऱ्याने कुणाचं काय बिघडलं ते खंडोबाला माहीत. पाय न देणाऱ्या घोड्याने मात्र दर दोन महिन्यांनी बिघडतं.

म्हणून सौदा बोलायच्या आधी चारही पाय स्वतः उचला. विकणाऱ्याच्या माणसाने उचलून दाखवलेला पाय धरू नका; त्याचा हात घोड्याला पाठ असतो. खूर हातात आला की दगडाने चार ठोके द्या, तळवा बघा, वास घ्या, खुराच्या वर पिछाडीचे वळ आहेत का चाचपा. नाल नवेकोरे असतील तर ते कधी आणि कसे मारले हे विचारा, आणि घोड्याच्या ओठावर, कानाच्या मुळाशी ताज्या सोलवटी आहेत का तेही बघा. विकणारा ‘देतो हो पाय, आज जरा गर्दीला बावरलाय’ असं म्हणाला, तर संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर पुन्हा जा. तेव्हाही दिला नाही आणि घोडं तरी मनात भरलंच असेल, तर दोन महिन्यांची मेहनत आणि एका डॉक्टरची फी किमतीतून वजा करूनच रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवा.